चौथी व्यक्ती

मिनिटाला अठ्ठावीस श्वास, आणि दर चौथ्या श्वासानंतर एक बारीकसा अडथळा. ताईने घड्याळ लावून तीनदा मोजले. तिचे स्वतःचे श्वास चौदा होते, आणि घरात दुसरं कुणीही नव्हतं…

रक्त तपासण्यात तीस वर्षं घालवलेल्या ताईचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तिने पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, शेजारच्या भिंतीला कान लावून पाहिला. आवाज तिच्या पाठीमागेच, हातभर अंतरावर होता. दुपारी ती ध्यानाला बसली की सुरू व्हायचा, उठली की थांबायचा. गेले तीन आठवडे हेच चाललं होतं.

तीन आठवड्यांपूर्वीच इस्पितळातून फोन आला होता. धाकट्या बहिणीची फुप्फुसं निकामी होत चालली आहेत, थोडेच महिने उरलेत, घरी न्यायला कुणी नाही. "कळवते," एवढंच ताई म्हणाली होती. वडिलांच्या मागे जिच्या शिक्षणासाठी तिने आपलं संशोधन अर्धवट सोडलं, ती आईच्या शेवटच्या आजारात फिरकलीसुद्धा नव्हती. आई दाराकडे डोळे लावून गेली… ते डोळे ताईने मिटले होते.

ध्यान शिकवणाऱ्या वृद्ध भिक्खुणीला तिने अखेर त्या श्वासाचं सांगितलं. मैत्रीभावना कशी करतेस, इतकंच त्यांनी विचारलं. ताईने क्रम सांगितला: आधी स्वतःचं मंगल चिंतायचं, मग जिवलगाचं, मग अनोळखी माणसाचं, चौथ्यांदा ज्याने दुखावलं त्याचं, आणि शेवटी सर्व प्राणिमात्रांचं.

"चौथं करतेस?"

"अकरा वर्षं गाळते आहे. सर्व प्राण्यांत ती येतेच की."

"म्हणजे सख्ख्या बहिणीला मुंग्या-डासांच्या रांगेत बसवलंस होय गं?" म्हातारी हसली, ताईला मात्र हसू आलं नाही.

त्याच दुपारी ती इस्पितळात गेली. खाटेवर धाकटी पोरीएवढी उरली होती. ताई बसली, आणि सवयीने मोजू लागली. अठ्ठावीस. दर चौथ्यानंतर अडथळा. तिने पुन्हा मोजले. तेच.

धाकटीने डोळे उघडले. "रोज दुपारी डोळा लागला, की तुझ्या पाठीशी येऊन बसते मी… तू वळूनच बघत नाहीस, ताई."

ताई पुढे सरकून तिच्या समोर बसली. मग तिने अकरा वर्षं अडलेला प्रश्न विचारला. "आईच्या वेळी का आली नाहीस?"

"तिला मरताना बघायची भीती वाटली. नंतर तुझ्यासमोर यायची लाज."

राग गेला नाही. तो होता तिथेच होता. पण आज पहिल्यांदाच त्याच्या शेजारी कणव येऊन बसली, आणि दोघांना पुरेल इतकी जागा आत आहे हे ताईला नवलाने कळलं. तिने बहिणीचा गार हात दोन्ही हातांत घेतला.

परिचारिका कागद घेऊन दारात आली. यांना कुठे हलवायचं, आणि सोबत कोण राहणार, तिने विचारलं.

"माझ्या घरी," ताई म्हणाली. "मी राहणार. शेवटपर्यंत."