वगळलेली दोन माकडं

ताम्हिणीत तुळजाबाईंच्या ढाब्यावर कोरडं बाकडं एकच, आणि त्यावर नेमका एक तरुण बसलेला. किमयाचं डोकं आधीच तापलेलं. शनिवारची ऑफिसची सहल मुळशीला सोडून ती इथे आली होती, ती कुणाचं तोंड बघावं लागू नये म्हणून.

"सरकता का जरा?"

"बसा ना, किमया."

हा आवाज... त्याचा कॅमेरा बंद असल्याने चेहरा पाहिला नव्हता, पण गुरुवारच्या कॉलवर अठरा जणांसमोर याच आवाजाने म्हटलं होतं, 'मॅडमनी सोयीची नाहीत म्हणून दोन माकडं वगळली.' कंपनीने बाहेरून नेमलेला तपासनीस, मनीष.

वगळली, हो! सहा माकडांना नवं अँटीबॉडी औषध दिलं, त्यातल्या दोघांच्या रक्तातून ते बाराव्या दिवशी एकाएकी नाहीसं झालं. औषध माणसाच्या घडणीचं, त्या दोघांच्या शरीराने ते परकं ठरवून हाणून पाडलं. माणसाच्या शरीराला ते परकं नाही; तरी माणसातही असंच होईल असं धरलं की डोस निघतो तिप्पट. सोमवारी त्यावर सह्या, मग पहिल्या पेशंटच्या शिरेत तोच डोस. आणि हे घसा फोडून सांगणारी ती म्हणे लबाड, अन् हा तेवढा शहाणा.

"इथे कसे तुम्ही?"

"तुमच्या टीममधल्या ऋतिकाने सांगितलं, तुम्ही चिडलात की इथेच येता ते."

"का? उरलेली चार माकडं मोजायची राहिली?"

तो हसला नाही. "त्या दोघांचं राखून ठेवलेलं रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट आज सकाळी आला... तुमचंच बरोबर होतं."

"वा. बदनामी अठरा जणांसमोर, आणि माफी ढाब्यावर, एकटीला."

त्याने मोबाइल पुढे केला. सकाळची मेल, अठराही जणांना: 'चूक माझी. किमया यांनी काढलेलाच डोस ठेवावा.' तिने दोनदा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"मेल केली होती, तर एवढ्या पावसात कशाला तडफडलात?"

"मेलमध्ये लिहिता येईना ते सांगायला. गुरुवारी तुम्ही मला झापलंत ना — तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाही."

"एका कॉलवरून? एवढ्याशा माहितीवर निष्कर्ष काढता, म्हणून तर चुकता."

"मग... अजून भेटी लागतील."

तुळजाबाईंनी चहाचे पेले आदळले. "पोरी, भांड हवं तेवढं. पर त्याला नीट बसू दे की. तुला जागा देऊन निम्मा भिजतोय त्यो."

खरंच, त्याची डावी बाही निथळत होती. किमयाने ती धरून त्याला आत ओढलं.

"गुरुवारी, संध्याकाळी सहाला," ती अजून चिडूनच म्हणाली. "उशीर केलात तर तुम्हालाही वगळीन."