मेतकुटाची चव कुठे राहते?

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ‘आकाशदीप’ अंतराळस्थानकावर एक कोडं पडलं होतं. भात होता, मेतकूट होतं, तूपही होतं; चव मात्र नव्हती.

बल्लव नावाच्या स्वयंपाकी यंत्रमानवाने शाल्मलीच्या आजीच्या वहीतलं प्रमाण कणभरही न चुकवता मेतकूट केलं होतं. मऊ भातात कालवून, पिशवीत भरून त्याने ते शाल्मलीसोबत स्थानकावर राहणाऱ्या तिच्या आजोबांना दिलं. आजोबांनी नळीतून एक घास ओढला आणि पिशवी सोडून दिली. ती तरंगत राहिली.

“हे तिचं नव्हे.”

“प्रमाण तंतोतंत आहे,” बल्लव जरा ताठ आवाजात म्हणाला.

“मग मीच विसरलो. तीन वर्षं झाली तिला जाऊन. आधी आवाज पुसट झाला, आता हातची चवही गेली.”

आजी पुन्हा एकदा जाते आहे, असंच शाल्मलीला वाटलं. तिने खाऊच्या डबीतून वेलदोड्याची वडी काढली.

“आजोबा, नाक दाबा. आता खा. काय लागतंय?”

“गोड.”

“नुसतं गोड? आता नाक सोडा.”

“वेलदोडा,” आजोबा थांबत म्हणाले. “पण किती पुसट. अगं, नाक चोंदलंय माझं. शास्त्रज्ञ म्हणवतो, आणि दोष देतोय आठवणीला.”

“नाक चोंदल्यावर चव का जाते?”

“जिभेवर रुचिकलिका (चव ओळखणाऱ्या पेशींचे झुबके) असतात. त्यांना गोड, आंबट, खारट, कडू आणि डाळीच्या आमटीतली ती भरीव चव, एवढंच कळतं. हिंग-जिऱ्याची ओळख नाकाला. घास चावला की त्याचा वास घशामागच्या वाटेने नाकात चढतो. तिथे गंधग्राही (वासाचे कण टिपणारे बारीक सापळे) असतात, चारएकशे प्रकारचे. त्यांचा निरोप मेंदूत पोचतो, तो आठवणींच्या अगदी शेजारघरी.”

“म्हणून वास आला की माणूस आठवतं?”

“म्हणून. इथे मात्र वजन नाही. रक्त डोक्याकडे सरकतं, नाक चोंदतं. वाफसुद्धा वर चढत नाही.”

“मग वजन असेल तिथे जेवू या ना.”

स्थानकाचं व्यायामाचं कडं गरगर फिरत असे, त्यामुळे तिथे पाय जमिनीला टेकत. दोघं तिथे नाक मोकळं होईपर्यंत गप्पा मारत बसली. मग बल्लवने वाडग्यात गरम भात आणला. चमचाही आणला.

“चमचा राहू दे,” आजोबा म्हणाले. त्यांनी हाताने भात कालवला. बोटांच्या टोकांतल्या स्पर्शग्राहींनी (ऊब, दाब टिपणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांनी) आधी भाताची ऊब सांगितली, मेतकुटाचा रवाळपणा सांगितला. वाफ वर आली. आजोबांनी घास घेतला, डोळे मिटले.

“हे तिचं नाहीच,” ते म्हणाले.

शाल्मलीचा चेहरा उतरला.

“अगं, तिची डाळ नेहमी करपायची. भाजताना ओवी म्हणायला लागली की कढईकडे बघायचीच नाही. मी तिला चिडवायचो, ती आणखी मोठ्याने म्हणायची.” आजोबा हसत होते, डोळे पुसत होते. “बल्लव, उद्या डाळ थोडी करपव.”

“किती?”

“एका ओवीइतकी.”

“मोजून घेतो. म्हणून दाखवा.”

आजोबांनी घसा खाकरला. आवाज कापरा होता, चाल मात्र आजीचीच:

“भाजीते मी डाळ, वास गेला अंगणात,
दूरचं माझं माणूस, वळे गं घरात.”