'अहो'च्या पुढची खरखर

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या कॉलनीत आता कुणाच्याच घरातून गाणं बाहेर ऐकू येत नसे. गाणी बंद झाली होती असं नाही, उलट पूर्वीपेक्षा जास्त वाजत होती. पण ज्याचं गाणं त्याच्याच कानात. भिंतीवर चिकटवलेल्या नखाएवढ्या ध्वनिटिकल्या घरातल्या प्रत्येकाच्या कानाचा वेध घेत आणि आवाज नेमका तिथंच पोचवत. एकाच सोफ्यावर बसून नवरा क्रिकेट ऐके, बायको भजन ऐके, आणि दोघांना एकमेकांचा त्रास नसे.

अपवाद एकच. तळमजल्यावरचे मुकुंद पोतनीस. सकाळची कामं उरकली की त्यांच्या खिडकीतून खरखरीत भीमपलासी सुरू होई. हा दुपारचा राग. पण पोतनिसांना आता सकाळ-दुपारशी काही देणंघेणं उरलं नव्हतं.

"पोतनीस, रोज तेच तेच काय हो?" वरचे आरवाडे एकदा जिन्यात म्हणाले. "आणि तेही इतकं खरखरीत?"

"खिडकी लावून घ्या."

"उकडतं हो."

"मग ऐका," पोतनीस म्हणाले आणि दार लावून घेतलं.

त्यांच्याजवळ तबकडी एकच होती आणि तशी दुसरी जगात नव्हती. लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा लेकीनं, केतकीनं, घरातच गाण्याची बैठक ठेवली होती. बायकोच्या, वृंदाच्या, गाण्याच्या बाई, गोदाताई, गायल्या. मिरजेचा एक हौशी इंजिनिअर तबकडी कोरायचं यंत्र घेऊन आला होता. गाणं चालू असतानाच त्यानं ते थेट प्लास्टिकच्या चकतीवर कोरलं आणि चकती कागदी पाकिटात घालून वृंदाच्या हातात दिली. विलंबित संपून द्रुत सुरू व्हायच्या आधी गोदाताई पाणी प्यायला थांबल्या, तेवढ्यात वृंदा काहीतरी बोलली. माइक तिच्या शेजारीच होता. ते शब्द चकतीत उतरले.

वृंदा असताना घरात तबकडी वाजवायचं यंत्रच नव्हतं. ती गेल्यावर पोतनिसांनी जुन्या बाजारातून एक रेकॉर्ड प्लेअर आणला. वीज मंडळातली सगळी नोकरी ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करण्यात झाली होती; प्लेअर चालू करायला त्यांना एक दुपार पुरली. आणि पहिल्यांदा सुई त्या जागी आली तेव्हा खरखरीतून वृंदा म्हणाली, "अहो, झोपलात काय?" आणि हसली.

झोपलेच होते ते. स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवशी, पुढच्या रांगेत.

तेव्हापासून सव्वा वर्ष हे रोज चाललं होतं. मधे एकदा सुई त्या जागेवरून उडी मारायला लागली. तासगावला त्यांच्या मामाचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्नाच्या मांडवात रेकॉर्ड उड्या मारायला लागली की मामा सुईच्या दांड्यावर एक नाणं ठेवायचा. पोतनिसांनी तेच केलं. पाच रुपयांचं पितळी नाणं डिंकानं चिकटवलं. उड्या थांबल्या.

त्या रविवारी बेल वाजली तेव्हा गोदाताई विलंबिताच्या शेवटाला आल्या होत्या. पोतनिसांनी दार उघडलं आणि ओठावर बोट ठेवलं. केतकी कोल्हापूरहून यायची ती दर रविवारी अशीच दारात उभी राहायची, हातातल्या पिशव्यांसकट, ती जागा येऊन जाईपर्यंत. आजही राहिली. तिच्यामागे खांद्याला कंपनीची बॅग लावलेली एक मुलगी होती, तीही राहिली.

"झालं?" केतकीनं विचारलं.

"झालं. या. ही कोण?"

"शर्वरी जमदाडे. पूरकच्या कंपनीतून आल्यात. आणि बाबा, आधीच सांगते, भांडायचं नाही. पैसे भरून झालेत."

"पूरक म्हणजे त्या टिकल्या?"

"टिकल्या त्यातल्याच, काका," शर्वरी आत येत म्हणाली. तिनं प्लेअरकडे पाहिलं, वाकून सुईकडे पाहिलं. "बापरे. ही सुई आहे ना, ती दर वेळी थोडी खाच खाते."

"खाऊ दे. केवढंसं तिचं पोट."

"बाबा!"

"अगं, पण मी काय सांगतो ते ऐक. तबकडीत जे झालं ते आहे. तुझी आई बोलली, हवा हलली, सुई हलली, खाच पडली. मधे कुणाची अक्कल नाही. तुमच्या यंत्रांत मधे अक्कल आहे. ती मला नको."

"आणि ही खरखर हवी?"

"तुझ्या फोनवर तरी काय आहे? तूही घेतलंस ना रेकॉर्डिंग त्या दिवशी? स्वच्छ, सुंदर. गोदाताई थांबल्या की चिडीचूप. का, तर फोननं गाणं सोडून बाकीचा गोंगाट आपणहून काढून टाकला." पोतनिसांनी प्लेअर बंद केला. "तुझ्या फोनला तुझी आई गोंगाट वाटली."

केतकी पिशव्या घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजचं दार जरा जोरात लावलं.

शर्वरीनं मात्र काम सुरू केलं. असली घरं तिला नवी नसावीत. जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी तिनं तबकडीवर बसवली. "हा प्रकाशवाचक. सुई नाही, काही नाही, काका. नुसता उजेड खाचेत सोडतो आणि खाच कशी वळलीय ते बघतो. तबकडीला हात लागत नाही. एकदा वाचलं की कायमचं राहिलं."

हे पोतनिसांना पटण्यासारखं होतं. ते खुर्चीत बसले. शर्वरीनं ध्वनिटिकल्या लावल्या आणि त्यांच्या कानात बारीक टकटक सुरू झाली.

"हे काय?"

"कानाचा नकाशा घेतेय. कान नुसता ऐकत नाही, काका, तो स्वतःही आवाज काढतो. अगदी बारीक, आपल्याला न कळणारा. आतल्या पेशी हलतात त्याचा. त्यावरून कळतं तुम्हाला काय ऐकू येतं, काय येत नाही, आणि पुढं काय येणार म्हणून कान आधीच कुठं ताणून बसलाय. वयामुळं जे निसटतं ते पूरक भरून देतं. म्हणून तर नाव पूरक. आणि ऐकताना मधेच वरच्यांचा मिक्सर लागला, कुणी बोललं, तर तो आवाज कापून टाकतं. आवाज नवीन असला तर तो तात्पुरता दाबून पहिल्यांदा विचारतं. तुम्ही हो म्हणालात की तो पुन्हा कधी मधे येत नाही."

केतकी हात पुसत बाहेर आली. तिचाही नकाशा झाला आणि ती सोफ्याच्या कडेला टेकली. शर्वरीनं वाचन सुरू केलं.

पोतनीस ताठ झाले. खरखर नव्हती. गोदाताई समोर बसल्यासारख्या होत्या. तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. मागं कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, बाहेरून स्कूटर गेली. इतकं सगळं त्या चकतीत होतं हे त्यांना माहीतच नव्हतं. विलंबित संपलं. पेल्याचा आवाज झाला. आणि अगदी डाव्या कानाशी, त्या दिवशी ती बसली होती तिथूनच, वृंदा म्हणाली, "अहो, झोपलात काय?" आणि हसू दाबता न आल्यासारखी हसली.

पोतनिसांनी चष्मा काढला. तो सदऱ्याला पुसला. मग ते म्हणाले, "हरलो, बाई. चांगलं आहे तुमचं यंत्र."

केतकीही रडत होती. "किती हळू बोलली ना, बाबा? मला वाटलं होतं मी विसरले. 'झोपू दे गं त्यांना, दमलेत.' तुम्हाला 'अहो' म्हणून हाक मारली, आणि मग हे मला म्हणाली ती. मी तुमचा फोटो काढायला आले होते ना पुढं."

"काय म्हणाली?"

"'झोपू दे गं त्यांना, दमलेत.'"

"असं कुठं म्हणाली? 'अहो, झोपलात काय?' असं म्हणाली. आणि हसली."

"हसली? बाबा, ती हसली नाही."

"मी सव्वा वर्ष रोज ऐकतोय!"

"आणि मी तिथं होते! तुम्ही झोपला होतात!"

दोघंही शर्वरीकडे वळले. शर्वरी हातातल्या काचेच्या पाटीवर काहीतरी बघत असल्यासारखं करत होती.

"बोला की," पोतनीस म्हणाले.

"तुमचं दोघांचं वेगवेगळं असणारच, काका. जिथं खाच झिजलेली असते तिथं पूरक कानाला विचारून भरतं. ज्याचा कान जे मागतो ते."

"म्हणजे मघाशी बोलली ती..."

"आवाज त्यांचाच. तबकडीत इतर जागी, सुईला कळणार नाही इतकं बारीक, त्या एकदोनदा बोलल्यात, त्यावरून घेतलेला. शब्द..." ती अडखळली. "सगळ्यांना आवडतं हे. कुणी विचारत नाही."

"मला जसंच्या तसं ऐकवा. न भरता."

"काका, राहू दे ना."

"ऐकवा."

तिनं ऐकवलं. पेला वाजला. वृंदा म्हणाली, "अहो." आणि पुढं तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी नुसती खरखर. ती संपली आणि द्रुत सुरू झालं.

शर्वरीनं पाटी त्यांच्यासमोर धरली. खाचेचं मोठं केलेलं चित्र होतं. दोन्ही बाजूंच्या भिंती नदीच्या काठासारख्या नागमोडी होत्या. 'अहो' संपलं तिथून पुढं त्या रोलर फिरवल्यासारख्या सपाट झाल्या होत्या.

"एकाच जागी इतकं कसं झिजलं कळत नाही," ती म्हणाली. "सुई परत परत इथंच टेकवली असणार. आणि वर काहीतरी जड..." तिची नजर दांड्यावरच्या नाण्यावर गेली.

टेकवत होतेच ते. एकदा ऐकून भागत नसे. कधी कधी जेवण होईपर्यंत सुई उचलून पुन्हा तिथंच.

"कधीपासून?" पोतनिसांनी विचारलं. "कधीपासून इथं काही नाही?"

"नक्की नाही सांगता येणार. पण निदान पाच-सहा महिने तरी."

"मग मी रोज काय ऐकत होतो?"

याचं उत्तर केतकीकडे होतं. तिनं ते गिळायचा प्रयत्न केला, पण इतके रविवार दारात उभं राहून काढले होते.

"मधे अक्कल होतीच, बाबा," ती म्हणाली. "तुमची."

पोतनीस उठले. नखानं खरवडून त्यांनी नाणं काढलं. डिंकाचा पिवळा डाग दांड्यावर राहिला. नाणं हातात घेऊन ते बघत बसले. वीज मंडळात कुणी तार जाळली की ते विचारायचे, हे केलं कुणी? इथं विचारायलाही कुणी नव्हतं.

"त्या मिरजेच्या माणसाकडे काही असेल का?" त्यांनी विचारलं.

"मी आईच्या दहाव्यानंतर शोधलं होतं त्यांना," केतकी म्हणाली. "तेही नाहीत. थेट कोरायचे ते, मागं काही ठेवायचेच नाहीत."

"मला नाही सांगितलंस."

"कधी सांगणार? आलं की बोट ओठावर."

शर्वरीनं बॅग भरली. निघताना तिला एक विचारावंच लागलं. "काका, भरणं चालू ठेवू की बंद करू? बंद केलंत तर मघाशी ऐकलंत ते, खरखरीचं. चालू ठेवलं तर..."

"ठेवा चालू."

"बाबा, कशाला?" केतकी म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, अक्कल नको मधे."

"ठेवा म्हटलं ना."

शर्वरी गेली. केतकी भाजी चिरायला आत गेली. कुकरची शिट्टी झाली. पोतनिसांनी नाणं खिशात टाकलं, खुर्चीत बसले आणि पूरक सुरू केलं.

पुन्हा तंबोरे. पुन्हा बांगड्या, पेला. "अहो, झोपलात काय?" वृंदा म्हणाली आणि हसली. आता त्यांना ठाऊक होतं की हे चकतीत नाही. हे आपलंच आपल्याला परत मिळतंय. तरी अंगावर काटा आला. हसू संपत आलं. आता द्रुत सुरू होणार होतं. पण त्यांना ते व्हायला नको होतं. आज पहिल्यांदाच त्यांना वाटलं, आणखी काही बोल. एवढं बोल, की त्या दिवशी मी झोपलो ते तुला लागलं का?

द्रुत सुरू झालं नाही. तंबोरे वाजत राहिले.

"उठा आता," वृंदा म्हणाली. "आणि मला काय लागायचंय? इतकी वर्षं बघत नाही का तुम्हाला?"

पोतनिसांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. हे ती कधीच म्हणाली नव्हती. अगदी अशीच म्हणाली असती. कान पुढं ताणला आणि ती पुढं बोलत राहिली. चहाचं, केतकीचं, आरवाड्यांच्या मिक्सरचं. तिच्या हयातीत आरवाडे इथं राहायलाही आले नव्हते.

त्यांनी डोळे उघडले. स्वयंपाकघराच्या दारात केतकी उभी होती. हातात डाव, पदराला पीठ. तिचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

वृंदा बोलता बोलता थांबली. तिच्या जागी एक नम्र, कुणाचाच नसलेला आवाज आला.

"बाहेरचा एक आवाज मधे येत आहे. काढून टाकू का?"

केतकीनं त्यांचा चेहरा पाहिला. तिचे ओठ हलायचे थांबले. सवयीनं तिनं स्वतःच ओठांवर बोट ठेवलं आणि उंबऱ्यापाशीच उभी राहिली, ती जागा येऊन जाईपर्यंत.

"काढून टाकू का?" यंत्रानं पुन्हा विचारलं.