ट्रेलर जोडताना बोलायचं नसतं

एमेट मला पहिल्यांदा दिसला तो आमच्या गाडीच्या डाव्या आरशात. टोपी मागे सरकवलेली, चेहऱ्यावर धूळ, आणि हसू दाबायचा अगदी प्रामाणिक प्रयत्न. तोही फसलेला.

हसण्यासारखंच होतं म्हणा. मी, थिया, वय वर्षं सतरा, आमचं अख्खं घर मागे मागे नेत होते... आणि घर माझं ऐकत नव्हतं.

आमचं घर म्हणजे ट्रेलर. मला दाताखाली चॉकलेट आणि डोक्यावर छप्पर एवढंच कळत होतं, तेव्हापासून आम्ही त्यात राहतोय. आईची नर्सची नोकरी दर हंगामाला नव्या गावात, बाबा जिथे जाऊ तिथे मिळेल ते काम करतात, आणि माझी शाळा लॅपटॉपमध्ये भरते. घर ओढायचं काम बाबांचं. पण त्या हिवाळ्यात बाबा छपराची गळती बुजवायला चढले आणि शिडीसकट खाली आले. खांदा मोडला. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या या कॅम्पपर्यंत एका ओळखीच्या काकांनी आमची मोठी गाडी चालवत आम्हाला ओढून आणलं आणि फाटकाशी सोडून ते गेले. आईला तिची छोटी गाडी चालवायची असते. शिवाय ट्रेलर ओढायच्या नुसत्या नावाने तिला घाम फुटतो. मी म्हटलं, द्या इकडे चावी.

कॅम्पात कुणी नवीन ट्रेलर मागे घ्यायला लागलं की जुनी मंडळी खुर्च्या काढून बसतात. हातात कॉफी, डोळ्यांवर गॉगल. माझ्या वेळेला दोन रांगा भरल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या लोरेटाबाईंनी तर विणकामही बाजूला ठेवलं होतं.

एमेट खिडकीशी आला. म्हणाला, आरशात मी दिसतोय तोवर चालव, दिसेनासा झालो की ब्रेक.

"आणि तूच चुकीचा हात केलास तर?"

"तर तुमचं घर लोरेटाबाईंच्या चुलीवर जाईल. मग जेवायला तिकडेच या."

मी हसले नाही. ठरवून हसले नाही. मग त्याने सांगितलं, स्टिअरिंग वरून नाही, खालून धर. हात जिकडे नेशील तिकडे ट्रेलरची शेपटी जाईल. मी हात खाली आणला, आरशात बघितलं. तो दोन्ही हातांनी हवा ओढल्यासारखा मला बोलावत होता—ये, ये, अजून ये—आणि मला पहिल्यांदाच लक्षात आलं की एखाद्याकडे इतका वेळ, इतकं टक लावून बघायची अशी रीतसर परवानगी फार क्वचित मिळते.

घर जागेवर बसलं. खुर्च्यांतून टाळ्या पडल्या.

त्याच रात्री जेवताना बाबांनी विषय काढला. येत्या वसंतासाठी आईला आयडाहोच्या डोंगरातल्या दवाखान्यात काम मिळालं होतं. तोवर मी ट्रेलर जोडायला, ओढायला, लावायला शिकले आणि त्यांची खात्री पटली, तर जायचं. नाही तर आईने इथल्याच गावात काम धरायचं, चाकं काढायची, ट्रेलर विटांवर चढवायचा आणि राहायचं. कायमचं. आई म्हणाली की त्यातही काही वाईट नाही. बाबा काहीच म्हणाले नाहीत, आणि ते जेव्हा काहीच म्हणत नाहीत तेव्हा त्यांना काय हवंय ते मला बरोबर कळतं. मलाही तेच हवं होतं. सकाळी खिडकीचा पडदा सारला की बाहेर काय असेल हे सवयीने ठाऊक असण्याची मला सवयच नाही.

एमेटचं उलटं. तो आणि त्याचे आजोबा कॅम्पच्या टोकाला राहायचे, विटांवर चढवलेल्या ट्रेलरमध्ये. आजोबा पाणी आणि सरपण पोचवायचे, एमेट गावातल्या शाळेत जायचा. त्याच्या दाराशी अंजिराचं झाड होतं, त्याने स्वतः लावलेलं. मला हे फार विचित्र वाटलं... झाड लावणं. म्हणजे ते वाढेपर्यंत तिथेच थांबायचं?

त्याने मला शिकवायचं कबूल केलं. रोज दुपारी माझी शाळा बंद झाली, त्याची सुटली, की आम्ही कॅम्पामागच्या मोकळ्या माळावर. रिकाम्या डब्यांच्या दोन रांगा मांडायच्या आणि त्यांच्यामधून मागे यायचं. मी डबे चेपत होते, तो ते ठोकून पुन्हा उभे करत होता. कधी रानगाढवं येऊन मधेच उभी राहायची, तर कधी नुसती वाळू उडायची आणि त्याच्या पापण्यांवर बसायची. मला त्या पापण्या आरशात दिसायच्या. इतक्या लांबून दिसणं शक्य नाही, पण दिसायच्या.

एकदा डबा न पाडता आले तेव्हा तो खिडकीवर कोपर टेकून म्हणाला, "तू इतकी पटापट शिकू नकोस."

"का?"

"डबे संपत चाललेत."

डबे ढीगभर होते. मी पुन्हा गाडी सुरू केली, कारण काहीतरी करायलाच हवं होतं.

बाबांनी परीक्षा ठरवली त्या सकाळी मी एकटीने ट्रेलर जोडायचा होता, डोंगराच्या वळणापर्यंत जाऊन परत यायचं होतं. आमच्या लोकांत एक नियम आहे. कुणी ट्रेलर जोडत असलं की त्याच्याशी बोलायचं नसतं. गुड मॉर्निंगसुद्धा नाही. एका शब्दाने हातातलं काम निसटतं. हा नियम एमेटला माझ्याहून जास्त पाठ होता.

मी ट्रेलरचं तोंड गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर उतरवलं. आता वरची कळ दाबायची आणि तिच्यात खीळ घालायची, म्हणजे तोंड गोळ्यावरून सुटत नाही... तेवढ्यात तो मागून आला.

"थिया. समजा, तू गेलीच नाहीस तर..."

नियम आठवून त्याने तोंडावर हात धरला. माझ्या मात्र कानात ते घुमायला लागलं. मी साखळ्या अडकवल्या, दिवे तपासले, पायरी आत घेतली. कळ राहिली. खीळ माझ्या खिशातच.

कॅम्पाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात ट्रेलर गोळ्यावरून उसळला. साखळ्यांनी धरून ठेवला, पण ब्रेक दाबताच घर पुढे आलं आणि गाडीच्या पाठीत घुसलं. दणका. मग शांतता. मग स्वयंपाकघरात बश्या एकेक करून पडल्याचे आवाज.

शेजारी बसलेल्या बाबांनी उतरून बघितलं. गाडीची पाठ चेपली होती, बाकी सगळं धड होतं. तरी त्यांचा चेहराच सांगत होता, विटा आणायला सांगा.

एमेट धावत आला. चूक माझी आहे, मी जोडताना बोललो, असं तो बाबांना सांगायला लागला. मी त्याला थांबवलं. जोडणारी मी होते, तेव्हा खीळ माझी. मग त्याला बाजूला नेऊन विचारलं, मुद्दाम बोललास का?

त्याने बुटाने वाळू उकरली. "नाही. पण तू अडलीस तेव्हा क्षणभर... बरं वाटलं मला. ते तुला सांगितलंच पाहिजे."

असा राग आला. आणि त्याच वेळी असंही वाटलं, इतकं खरं बोलणारा मुलगा मला पुन्हा कुठे भेटायचा?

मी बाबांकडे गेले. म्हटलं, पुन्हा. आत्ता. भीती ताजी आहे तेव्हाच जोडते, म्हणजे नंतर कधीही जमेल. आई नको म्हणत होती. बाबांनी मोडक्या खांद्याने खांदे उडवायचा प्रयत्न केला आणि कळवळून हो म्हटलं.

खुर्च्या आता रस्त्याच्या कडेला आल्या होत्या. या वेळी कुणी कॉफीही पीत नव्हतं. मी तोंड बसवलं, कळ दाबली, खीळ घातली, उचलून बघितलं, धरलं की नाही. साखळ्या. दिवे. एक फेरी मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळ्याला हात लावला. एमेट समोर उभा होता, ओठ इतके घट्ट मिटून की हनुवटीला खळी पडली होती. मी डोंगराच्या वळणाला जाऊन आले, आणि घर अशा अलगद मागे आणलं की लोरेटाबाईंच्या मांडीवरचं मांजर जागं झालं नाही.

बाबा म्हणाले, आयडाहो.

निघायच्या दिवशी सगळं जोडून झाल्यावर मी हात पुसले आणि एमेटसमोर जाऊन उभी राहिले. "झालं माझं. आता बोल."

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "थांबावंस असं वाटतं. आणि थांबली असतीस तर तू तू राहिली नसतीस, हेही कळतं. एवढंच."

"एवढंच? हिवाळाभर मनात ठेवून एवढंच जमवलंस?"

मग दोन्ही रांगांसमोर मी त्याच्या गालावर ओठ टेकवले. बाबा एकदम डोंगराकडे बघायला लागले. आईने मुळीच नजर वळवली नाही. मी म्हटलं, मलाही. खूप. आणि गाडीत बसले, कारण आणखी एक शब्द बोलले असते तर मीच विटा मागवल्या असत्या.

हमरस्त्याला लागलो. बाबा शेजारी, आई पुढे तिच्या छोट्या गाडीत, घर मागे. डोळ्यांत आलेलं पाणी मी वाऱ्यावर वाळू दिलं.

"बाबा, पुढचा हिवाळा कुठे, ते कोण ठरवणार?"

त्यांनी रस्त्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. "आजवर ओढणाराच ठरवत आलाय."

"मग मी ठरवलं. अंजीर किती वाढलं ते बघायचंय," मी म्हटलं, आणि गिअर बदलला.