हिरवा ठिपका

हातात धरायचा जीपीएस घ्यायचा असेल तर बटणांचा घ्यावा. टचस्क्रीनला घामेजलेलं बोट कळत नाही. शिवाय तो पेन्सिल सेलवर चालणारा असावा. सेल कुठल्याही टपरीवर मिळतात, पण डोंगराला चार्जर लावायला भोक नसतं. हे ज्ञान मी इतक्या आत्मविश्वासाने दिलं, की दुकानदार अजिमभाईंनी मला खुर्ची दिली.

आमचं वर्कशॉप भोसरीत, सुट्टी गुरुवारची. म्हणून आमचा ट्रेकिंग ग्रुपही गुरुवारचा. आता फोनवर विसंबायचं नाही, एक जीपीएस आणि चांगले नकाशे घ्यायचे आणि त्यांवर कुलदीपचं नाव घालायचं, असं ग्रुपने ठरवलं. निवड माझ्याकडे, कारण मी क्वालिटी इन्स्पेक्टर. माणूस गेला तरी त्याच्या नावाची वस्तू तपासूनच घ्यावी लागते.

कुलदीप लेथवर होता. एप्रिलमध्ये चाकणच्या पुढच्या एका बोडक्या डोंगरावर तो एकटा गेला. नकाशा मी छापून दिला होता. त्यावर माथ्यापाशी ‘टाकं?’ असं छापलेलं होतं, प्रश्नचिन्हासकट. म्हणजे पाणी असेल किंवा नसेल. आमच्याकडे तपासून पास झालेल्या जॉबवर, म्हणजे सुट्या भागावर, हिरवा ठिपका पडतो. तो दिसला की कुणी पुन्हा मोजत नाही. मी मार्करने त्या प्रश्नचिन्हावर हिरवा ठिपका दिला. वर जाईल, कोरडा खडक बघेल, मला शिव्या देत उतरेल, शुक्रवारी कॅन्टीनमध्ये हसू. विनोद एवढाच होता.

तो एकच बाटली घेऊन गेला.

दोन दिवसांनी तो खालच्या वाडीतल्या बाळाजींना सापडला. “खडकाला बाटली लावून बसला व्हता,” ते म्हणाले, “भरतोय जणू. तितं पानी न्हाई, कधीच नव्हतं.”

नकाशा मी छापला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठिपका कुणाचा, ते नाही. हिरवा मार्कर वर्कशॉपमध्ये पाच जणांच्या खिशात असतो.

जीपीएसला उघडं आकाश लागतं, म्हणून मी आणि वजीर दुकानाच्या गच्चीवर गेलो. वजीर कुलदीपच्या शेजारच्या मशीनवर असतो. समोर दिघीकडची मिलिटरीची हद्द, तारा, वाळलेलं गवत. यंत्राचं सील मीच फोडलं होतं. पाच मिनिटांनी त्याला उपग्रह सापडले आणि पडद्यावर एक ठिकाण आलं. आधीच साठवलेलं. नाव नव्हतं. नुसता हिरवा ठिपका. अंतर, चौतीस किलोमीटर.

“डेमोचं असेल,” मी म्हणालो.

“असेल,” वजीर म्हणाला. मग जरा वेळाने, “राव, तो नकाशावरचा ठिपका कुणाचा असेल रे?”

“नेटवरूनच तसा आला असेल.”

अंतर एकोणीस किलोमीटर झालं.

आम्ही दोघंही जागचे हललो नव्हतो. वजीरने यंत्र माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

“पण छापल्यावर तू बघितला असशील ना? तू तर नट-बोल्टपण भिंगातून बघतोस, भावा.”

“मी नुसती घडी घातली.”

सहा.

अजिमभाईंनी दुसरं यंत्र वर पाठवलं, टचस्क्रीनवालं. तेही सीलबंद. त्यात तोच ठिपका, सहा किलोमीटर. अजिमभाई म्हणाले, “कंपनीचा माल आहे, रिकामाच येतो.” मी बटणांचं घेतलं. सेलवर चालतं म्हणून.

“चिखलीला जाऊ,” वजीर म्हणाला. “कुलदीपच्या आईला आधी दाखवू.”

मला नाही म्हणता येईना. वजीरच्या बाइकवर मागे बसून मी ठरवलं, आज काकूंना सांगून टाकायचं. वाक्यसुद्धा जुळवलं. सोपं होतं, चार शब्दांचं.

कुलदीपच्या आईने, कुशाबाईंनी, यंत्र दोन्ही हातांत घेतलं, ओंजळीत प्रसाद घ्यावा तसं. मग मला परत दिलं.

“यानं चुकत न्हाई व्हय कुनी?”

“नाही, काकू.”

“आमच्या पोराच्या नकाशावर हिरवा टिपका व्हता. त्यो म्हनला व्हता मला, आई, हिरवा हाय म्हंजे पानी हायच. कुनी दिला असंल रं त्यो?”

वजीर जमिनीकडे बघत होता.

वाक्य तयार होतं.

“छापतानाच चूक झाली असेल, काकू.”

यंत्र माझ्या मुठीत एकदा थरथरलं. शून्य मीटर. खाली बारीक अक्षरांत अचूकता: शून्य कमी-जास्त. नऊ वर्षं मोजमापं घेतोय. इतकं अचूक काहीच नसतं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “उन्हातनं आलाय. पानी प्या.”

त्यांनी माठात बुडवून तांब्या भरला. मी बघितलं, काठोकाठ. आधी वजीर प्यायला, वरून, घटाघटा. पाणी त्याच्या हनुवटीवरून शर्टावर सांडलं. मग त्याने तांब्या माझ्याकडे दिला. अजून अर्धा भरलेला होता, जड. मी मान मागे करून तोंडावर तिरका केला.

आणखी तिरका केला. एक थेंबही पडला नाही.

“पी की रं,” कुशाबाई म्हणाल्या. “भरल्याला हाय.”