थोरल्याची मापं

निवृत्तीनंतर लोक बागेत रमतात, नाहीतर गुडघे धरून डॉक्टरकडे जातात. तिनं वंशावळ काढायला घेतली. पस्तीस वर्षं मोजणी कार्यालयात नकाशे काढलेली बाई. नियमही तिचाच: कागद नाही, तर रेघ नाही. आत्या, मावश्या, चुलते-मामे सगळे मुकाट्यानं आपापल्या चौकटीत बसले. घोडं अडलं ते वडिलांच्या थोरल्या भावापाशी.

तो आठव्या वर्षी तापानं गेला. आजीनं त्याचे कपडे, फोटो, वह्या, सगळं जाळलं आणि घरात त्याचा विषयच बंद केला. जन्मनोंदीची पानं वाळवीनं खाल्लेली, शाळेचं दप्तर पुरात गेलेलं. त्याला पाहिलेले आता एकटे बाबा उरले होते, आणि पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचीच खात्री डळमळायला लागली होती. एका सकाळी चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "मला दादा होता ना गं? की मीच आपला मनानं रचला?"

त्या दिवसापासून हे काम तिच्यासाठी विरंगुळा राहिलं नाही.

मग बाबांनाच आठवलं. थंडी सुरू व्हायच्या आधी दोघांना कोटासाठी शिंप्याकडे नेत, स्टुलावर उभं करत, आणि दादा टेप लागायच्या आधीच गुदगुल्या होऊन हसत सुटे.

दुकान अजून होतं, त्या शिंप्याचा नातू ते चालवत होता. खडूचा आणि गरम इस्त्रीचा वास भरून राहिला होता. जुन्या मापांच्या वह्या आजोबांनी टाकू दिल्या नाहीत, मग वडिलांनी नाही, आता आपला धीर होत नाही, असं सांगत त्यानं माळ्यावरून गठ्ठे काढून दिले.

दुपारपर्यंत तिला पान सापडलं. वर तिच्या घराचं आडनाव, खाली दोन ओळी. थोरला, वय सात: छाती तेवीस, बाही पंधरा. धाकटा, वय पाच: छाती बावीस, बाही तेरा. थोरल्याच्या ओळीपुढे बारीक अक्षरात, 'फार हलतो.'

ती तिथेच शिलाई मशीनशेजारी बसून रडली. सात वर्षांचं ते हलणारं पोर खरंच होतं.

उगाच म्हणून तिनं दोन वर्षांनंतरची वही उघडली. थोरला, बाही सतरा. तो जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

जुनीच नावं उतरवली असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. पण आकडे वाढत होते. बाबा शिकायला बाहेरगावी गेले, तिथे धाकट्याची ओळ संपली. थोरल्याची दर थंडीला होतीच. पुढे अक्षर बदललं. थोरल्याची कंबर सुटली. अक्षर पुन्हा बदललं. खांदे उतरले, पाठीला बाक आला.

शेवटची नोंद चालू वहीत होती.

"हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"कोण आलं होतं?"

शिंप्यानं पान उजेडाकडे धरलं. त्याला चेहरा आठवेना. "पण ताई," तो हळू म्हणाला, "टेप लावल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही."

नोंदीखाली आजची तारीख होती. पुढे लिहिलं होतं, 'कोट नेला.'

ती घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. बाबा खिडकीपाशी बसले होते. इतका निवांत चेहरा तिनं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"सापडला, बाबा. तुमचा दादा होता."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "आत्ताच उभ्या उभ्या येऊन गेला. बस म्हटलं, बसला नाही. गारठा वाढलाय, तूच घाल म्हणाला."

खुर्चीच्या पाठीवर राखाडी कोट होता.

तिनं कागद पसरला. बाबांच्या शेजारी चौकट आखली, वर रेघ जोडली, जन्माचं साल लिहिलं. मृत्यूच्या सालाशी पेन टेकवलं, आणि तसंच उचललं.

मग बाबांच्या खांद्यांवर घालायला म्हणून तिनं कोट उचलला. अस्तर अजून ऊबदार होतं.