अकरा पट्टे

फियाटच्या पुढच्या बंपरचं काय करायचं, हा प्रश्न खरात सरांनी सहा महिने पुढं ढकलला होता. निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांना हटकून दुसरी बाजूच बरोबर वाटायची. पण आता ढकलायला दिवसच उरले नव्हते. त्यांची नात मेघा चाळीसगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू होणार होती, आणि येत्या रविवारी ती हीच गाडी घेऊन जाणार होती. सर स्वतः चौतीस वर्षं औरंगपुऱ्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. आपल्यामागं घरातलं कुणीतरी पुस्तकांत राहिलं, या आनंदाच्या भरात ते गाडी देऊन बसले होते.

सोमवारी सकाळी उस्मानपुऱ्यातला फकिरा मिस्त्री ज्योतीनगरला घरी आला. पोर्चमध्ये उकिडवा बसला. डब्यात पोळ्या गुंडाळतात तो चंदेरी कागद त्यानं चुरगळला, पाण्यात बुडवला आणि बंपरवर वीतभर जागा घासून काढली. तांबूस पाणी फरशीवर ओघळलं.

"गंज निघून खाली चकाकी राह्यली तर नुसतं पॉलिश," तो म्हणाला. "खड्डे राह्यले तर रंगवा, नायतर बदला."

"मग हे कशात बसतं?"

"मधीच बसतं, सर. तुमच्यावानी. वरून गंजलंय, आत लोखंड लई मजबूत."

सर कसनुसं हसले आणि विचार करून सांगतो म्हणाले.

"करा विचार. शनिवारपत्तोर करा," म्हणत फकिरा गेला.

तो गेल्यावर सर गुडघ्यावर हात टेकून वाकले. घासलेल्या जागेत आपलं हिरवं फाटक दिसायला हवं होतं, आणि फाटकाला टेकवलेली शेजारच्यांची सायकल. त्याऐवजी रस्ता दिसत होता. डांबरी, खाली उतरत गेलेला. रस्त्याच्या टोकाला वळण होतं आणि वळणावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा कठडा.

सरांनी वळून पाहिलं. फाटक होतं. सायकलही होती.

मागच्याच वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यामुळं पहिला संशय त्यांनी डोळ्यांवर घेतला. दुसरा स्वतःवर, तो तर त्यांचा कायमचाच होता. घरातून दाढीचा आरसा आणून त्यांनी बंपरशेजारी धरला. आरशात फाटक दिसलं. बंपरात कठडाच.

त्यांना जागा ओळखता आली. कन्नडच्या पुढं घाटात असं एक वळण आहे. तिथं कठड्यातला एक दगड निखळलेला आहे, आणि तो इथंही निखळलेला होता. चाळीसगावचा रस्ता त्याच घाटातून जातो.

वाचनालयातली जुनी कोरी कार्डं त्यांच्या टेबलात पडून होती. एकावर त्यांनी तारीख घातली, वेळ घातली आणि बारीक अक्षरात लिहिलं: पट्टे अकरा.

मंगळवारी पट्टे नऊ होते. बुधवारी सात. पट्टे कमी झाले होते ते मोठे झाल्यामुळं. त्या वीतभर जागेत तेवढेच मावत होते. कठडा जवळ येत होता.

बुधवारी संध्याकाळी मेघा सामान लावायला आली. सर बराच वेळ दारात घुटमळले.

"मेघा, बसनं गेलीस तर? गाडी मग कधी..."

"आबा, पुस्तकांची चार खोकी बसनं नेऊ?" ती खोक्याला दोरी बांधत होती. "द्यायची नसली तर सरळ सांगा. मी रागावणार नाही. मागं आजीच्या शिलाई मशीनचं पण असंच केलं होतं तुम्ही. दिली, आणि मग आठ दिवस तोंड पाडून बसलात."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

टेबलातली कार्डं दाखवावीत, असं सरांच्या मनात आलं. पण ती कशी बघेल, पुढं संध्याला, आपल्या आईला, फोनवर काय सांगेल, हे सगळं त्यांना आधीच ऐकू आलं. ते चहा टाकायला आत गेले.

गुरुवारी पट्टे चार झाले. निखळलेल्या दगडाच्या जागी वाढलेलं वाळकं गवत दिसत होतं. वाऱ्यानं ते हलत होतं. पोर्चमध्ये वारा नव्हता.

सरांनी फकिराला फोन करून बोलावून घेतलं.

"यात तुला काय दिसतं?"

फकिरा वाकला. डोकं डावीकडं केलं, उजवीकडं केलं. "गंज. दुसरं काय दिसनार?"

सर हळूच म्हणाले, "रंगवलं तर?"

"झाकून जाईल सगळं. सस्त्यात काम."

झाकून जाईल. म्हणजे दिसायचं थांबेल आणि ते तिथंच राहील, रंगाच्या आत, रोज थोडं थोडं जवळ येत. आयुष्यात पहिल्यांदाच सरांना दुसरी बाजू सुचली नाही.

"बदल," ते म्हणाले. "नवा बसव. हा मला परत घरात नको."

"नवा कुठला, सर? भंगारात दुसऱ्या फियाटचा मिळंल. बघतो."

शनिवारी सांजेला गाडी परत आली. बंपर लखलखत होता. सर आधी फाटकापाशीच थांबले, मग हळूहळू जवळ जाऊन वाकले. बंपरात हिरवं फाटक होतं, सायकल होती आणि मधोमध एक वाकलेला म्हातारा होता. त्या रात्री ते गाढ झोपले.

रविवारी त्यांनी स्वतः झेंडूची माळ आणली आणि बंपरला बांधली. सुतळी आखूड पडली म्हणून शेवटची गाठ बुटाच्या निळ्या नाडीनं मारली. मेघा हसली. नऊ वाजता गाडी फाटकाबाहेर पडली.

अकराच्या सुमाराला तिचा मेसेज आला. *कन्नड सोडलं आबा. आता घाट. गाडी मस्त चालतेय.*

सर मेसेज दुसऱ्यांदा वाचत होते, तेवढ्यात फकिरा आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"ताई गेल्या व्हय? बंपर आवडला का?"

"छान आहे. कुठं मिळाला?"

फकिरा ओशाळून हसला. "तुमचाच हाय, सर. भंगारातले लई पातळ होते, मनाला पटंना. ताई घाटातून जानार. म्हनलं, लोखंड हे जुनंच ऱ्हाऊ द्यावं. वरचा थर पार उतरवला आन् नवं क्रोम चढवून आनलं."

फकिरानं हातातली वर्तमानपत्राची गुंडाळी पुढं केली.

"फकस्त ते दोन गार्ड, बंपरवरचे उभे ठोकळे. एक गंजानं खाल्लेला होता, त्याला क्रोम धरंना. जोडीचा एकटा कशाला ठेवायचा, म्हनून दोन्ही काढले. हा दुसरा बरा हाय. म्हनलं, सरांची चीज सरांला द्यावी."

सरांनी मेघाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला.

"घाटात रेंज नसतीच," फकिरा म्हणाला.

फोन कानाला तसाच ठेवून सरांनी दुसऱ्या हातानं वर्तमानपत्र बाजूला केलं. गार्ड मुठीएवढा होता. एका कडेला गंज, बाकी स्वच्छ.

पट्टे नव्हते. कठडाही नव्हता.

नुसतं निळं आभाळ होतं आणि खूप खाली झाडांचे शेंडे.

त्या आभाळात झेंडूची एक माळ सरळ वरच्या दिशेनं लोंबत होती. तिच्या टोकाला निळ्या नाडीची गाठ होती.